मैदानावर मुलांना त्यांच्या भाषेत खेळू द्या

प्रति,
महाराष्ट्रातील इंग्रजी माध्यमाच्या व सेमी-इंग्रजी शाळांचे संस्थाचालक, विश्वस्त आणि मुख्याध्यापक यांस



मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आधी मराठी माध्यमाच्या एका अनुदानित शाळेत होतो, आता इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलं मला 'पी.टी.चे सर' म्हणतात आणि ते नाव मला आवडतं. हे पत्र कुठल्या एका शाळेला उद्देशून नाही. विभागीय आणि राज्यस्तरीय शालेय स्पर्धांच्या वेळी आम्ही निरनिराळ्या जिल्ह्यांतले क्रीडाशिक्षक भेटतो. सामने संपल्यावर मैदानाच्या कडेला बसून बोलतो आणि हल्ली बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं. ती गोष्ट म्हणजे मैदानावरही इंग्रजीतच बोला, हा आपला आग्रह.

काही शाळांत हा आग्रह तोंडी असतो, काही शाळांत त्याचं परिपत्रक निघतं. एका शाळेत लांब उडीच्या खड्ड्याशेजारच्या भिंतीवर 'इंग्रजीतच बोला' अशी पाटी रंगवलेली मी पाहिली आहे. मराठी वाक्य तोंडातून निघालं की कुठे मुलाच्या डायरीत शेरा पडतो, तर कुठे दंडही घेतात. तासाच्या निरीक्षणाला येणाऱ्या सुपरवायझर मॅडमच्या तक्त्यात शिक्षकाच्या इंग्रजीसाठी रकाना असतो. किती मुलं प्रत्यक्ष धावली, हे लिहायला मात्र जागा नसते.

माझा इंग्रजीशी वाद नाही. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात ती इंग्रजीसाठीच, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्या धडपडीबद्दल मला आदर आहे. अकरावी-बारावीला सीबीएसईचा शारीरिक शिक्षण हा विषय घेणाऱ्या मुलांना सत्तर गुणांची लेखी परीक्षा असते. ती इंग्रजीतून द्यायची असेल तर तो अभ्यास इंग्रजीतूनच व्हावा. मी बोलतोय ते वर्गाबाहेरच्या तासाबद्दल. आठवड्याच्या वेळापत्रकात मैदानाच्या दोन, फार तर तीन तासिका असतात. त्यांचं काम वेगळं आहे आणि भाषेच्या सक्तीमुळे ते काम होत नाही.

आधी वेळेचा हिशेब मांडतो. तासिका पस्तीस मिनिटांची आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मुलांनी रांगेने खाली यायचं, मग हजेरी, बूट न आणलेल्यांना आणि बरं नसलेल्यांना बाजूला बसवणं, अंग मोकळं करायला थोडे व्यायाम. शेवटची पाच मिनिटं पाणी प्यायला आणि वर जायला सोडावी लागतात, नाहीतर पुढच्या तासाच्या बाईंचा खोळंबा होतो. पन्नास-पंचावन्न मुलांच्या वर्गात शिकवायला माझ्या हाती वीस मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल हवी. आमची मुलं व्हॅनने येतात, व्हॅनने जातात आणि संध्याकाळी क्लासला बसतात. कित्येकांच्या वाट्याला आठवड्याभरात खरं धावणं येतं ते या वीस मिनिटांतच.

आता या वीस मिनिटांत सहावीच्या वर्गाला खो-खो शिकवायचा आहे, असं समजा. आठ गडी ओळीत बसलेले, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. नववा पाठलागावर. खो द्यायचा तो बसलेल्याच्या पाठीमागून, हाताचा स्पर्श आणि तोंडाचा 'खो' एकाच वेळी. मिळायच्या आधी उठायचं नाही. उठल्यावर एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत माघारी वळायचं नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. हे नियम फळ्यावर लिहून कुणाला कळत नाहीत. ते पळता पळता कळतात. मुलगा उठतोय तेवढ्यात मी ओरडतो, "थांब, खो मिळू दे!" दुसरा गोंधळून मागे वळतो, तसं मी म्हणतो, "आता खांब गाठ, मागे नको!" त्याचं पाऊल हवेत असतानाच माझा शब्द त्याच्या कानात पडतो आणि पाऊल सुधारतं. पुढच्या खेपेला सांगावंही लागत नाही.

हेच इंग्रजीतून करायचं झालं की खेळ थांबवावा लागतो. मी वाक्य बोलतो, पुढच्या चारजणांना ते कळतं, मागचे त्या चौघांकडे बघतात. कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "सर, म्हणजे काय?" त्याला मराठीत उत्तर द्यायची मला परवानगी नाही. मग मी करून दाखवतो. करून दाखवणं चांगलंच, ते मी एरवीही करतो, पण पाय नेमका कुठे चुकला ते करून दाखवता येत नाही, ते सांगावंच लागतं. पुन्हा खेळ सुरू होतो, पुन्हा तीच चूक होते आणि घंटा वाजते. पन्नास मुलांपैकी निम्म्यांना त्या दिवशी एकदाही खो मिळालेला नसतो.

यावर आपल्यापैकी काहींनी मला उत्तर दिलं आहे की मैदान ही भाषा शिकवायची उत्तम जागा आहे, कारण शब्दाबरोबर शरीर हलतं. या म्हणण्यामागे अभ्यास आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की आज्ञा ऐकून ती अंगाने पाळत गेलं की नवी भाषा चांगली मुरते. उठा, बसा, दाराकडे जा, चेंडू उचला. त्यांची पद्धत आजही वापरतात आणि ती मला पटते. कवायतीच्या आज्ञा इंग्रजीत दिल्या तरी म्हणूनच काही बिघडत नाही. पंधरा-वीस ठरलेले शब्द असतात, आठवड्याभरात मुलांच्या अंगवळणी पडतात. एनसीसीत हिंदी आज्ञा ऐकून तामिळ आणि मणिपुरी मुलंही एका तालात पावलं टाकतात.

पण माझ्या तासाचा फार थोडा भाग आज्ञेचा असतो. बाकीचा सगळा दुरुस्तीचा असतो. दुरुस्ती म्हणजे त्या एका मुलाची, त्या एका क्षणाची, त्या एका चुकीबद्दलची गोष्ट. "कोपर आत घे", "अंगठ्यावर भार दे, टाचेवर नको", "घाबरू नकोस, मी धरलंय", "मघाशी जमलं होतं तसंच कर". ही वाक्यं आधी पाठ करून घेता येत नाहीत, कारण ती दर वेळी नवी असतात. अॅशरांच्या पद्धतीत भाषा हे शिकण्याचं ध्येय आहे आणि शरीर हे साधन. माझ्या तासात शरीर हे ध्येय आहे. ते मागे पडत असेल तर तो इंग्रजीचा आणखी एक तास झाला. वेळापत्रकात त्यासाठी वेगळ्या तासिका आहेतच.

युरोपचं उदाहरणही ऐकवलं जातं. ते खोटं नाही. परक्या भाषेतून विषय शिकवण्याच्या पद्धतीला १९९४ साली तिथे वेगळं नाव मिळालं आणि माद्रिद प्रांताने २००४पासून द्विभाषिक शाळा सुरू केल्या. त्यांतल्या अनेक शाळांत शारीरिक शिक्षण इंग्रजीतून असतं. मात्र तिथे अशा वर्गावर जायच्या आधी शिक्षकाला आपल्या इंग्रजीची वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते. मुलांची घरची भाषा बहुतांशी एकच, स्पॅनिश. शिक्षकालाही ती येते, त्यामुळे मूल अडलं तर त्याला सावरून घेता येतं. एवढं असूनही या पद्धतीने हालचालीचा वेळ घटतो की नाही, यावर तिथले शिक्षक आणि अभ्यासक अजून वाद घालतात. आपण त्यांच्याकडून फक्त सक्ती घेतली. प्रशिक्षण घेतलं नाही, वर्गातली मुलं कमी केली नाहीत की तासिका वाढवल्या नाहीत.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सांगतो. मैदानावर मुलांना लागतं, दुखतं, चक्कर येते. अशा वेळी काय होतंय ते मूल मला कसं सांगतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पोटरीत गोळा आला असेल तर मी पाय हळूहळू ताणून देतो, चोळतो आणि दोन मिनिटांत मूल उभं राहतं. घोटा मुरगळला असेल तर ताणणं, चोळणं दोन्ही वर्ज्य. पाय उंच ठेवायचा, बर्फ लावायचा आणि चालू द्यायचं नाही. पाठीत चमक भरलीय की सतत ठणकतंय, नुसती धाप लागलीय की छातीत दुखतंय, उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आलीय की सकाळपासून पोटात काही नाही, प्रत्येकाचा उपाय निराळा. इंग्रजीच्या धाकात वाढलेलं मूल या सगळ्यांसाठी एकच वाक्य बोलतं, "सर, पेन होतंय." त्यातलं 'होतंय' मराठी निघालं म्हणूनही ते आजूबाजूला बघतं.

आठवीच्या मुलींची आठशे मीटरची निवड चालू होती. एक मुलगी दुसऱ्या फेरीत थांबली, वाकली, पोट धरलं. विचारलं तर इंग्रजीत एवढंच म्हणाली की पोट दुखतंय. धावताना बरगडीखाली टोचायला लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. थोडं चाललं, खोल श्वास घेतला की थांबतं. तिलाही मी तेच सांगणार होतो. पण तिचा चेहरा बघून जवळ गेलो आणि हळू आवाजात मराठीत विचारलं, "बाळ, वरती टोचतंय की खाली ओटीपोटात दुखतंय?" तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "सर, बाईंना बोलवाल का?" मी बाईंना बोलावलं. तेराव्या-चौदाव्या वर्षी पुरुष शिक्षकासमोर एवढं बोलायलाही मुलीला किती धीर गोळा करावा लागतो, हे आपल्यातल्या प्रत्येक आईबापाला कळेल. तो धीर तिला तिच्या आईच्या भाषेत आला. त्या भाषेला शाळेत शेरा मिळतो, हे ठाऊक असलेली मुलगी पुढच्या वेळी काय करेल? बहुतेक ती त्या दिवशी मैदानावर येणारच नाही.

म्हणून माझी पहिली विनंती निकडीची आहे. भाषेबद्दलचा आपला नियम काहीही असो, दुखणं, इजा, भीती आणि तक्रार यांना त्यातून वगळल्याचं मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. प्रार्थनेच्या वेळी माइकवरून सांगा. शिक्षकांना सांगून भागणार नाही, कारण गप्प बसतात ती मुलं.

दुसरं दुखणं जरा वेगळं आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना मिळतात. आपल्यातल्या अनेक शाळांत ही मुलं आहेत. रिक्षावाल्यांची, भाजीवाल्या मावशींची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं. वर्गात ती मागे बसतात. घरी इंग्रजी बोलणारं कुणी नसतं, क्लास परवडत नाही. पण मैदानावर आली की त्यांचं अंग बोलतं. गल्लीत, चाळीत, वस्तीत खेळून खेळून पाय तयार झालेले असतात. बाकीची मुलं ज्यांना वर्गात ओळख देत नाहीत, त्यांनाच आपल्या संघात घ्यायला इथे भांडतात. शाळेतल्या सगळ्या तासांपैकी हा एकच तास असा असतो की जिथे या मुलांना आपण कुणापेक्षा कमी आहोत असं वाटत नाही.

असाच एक मुलगा आमच्या कबड्डी संघात होता. मध्यरक्षक म्हणून उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याचा पहिला पाय कुठे पडतोय यावरून पुढचा डाव ओळखायचा. "उजवीकडून येतोय, कोपरा सांभाळ, साखळी सोडू नका," असं सतत बोलत राहायचा आणि बाकीचे सहाजण त्याच्या बोलण्यावर हलायचे. संघात इंग्रजीतच बोलायचं असं ठरलं आणि तो गप्प झाला. पकड तशीच मजबूत, पण बोलणं बंद. कबड्डीत सात जणांची साखळी बोलण्यावर उभी असते. पुढच्या वर्षी कर्णधार निवडताना मी त्याचं नाव दिलं होतं. आंतरशालेय स्पर्धेत पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे, या कारणासाठी दुसऱ्या मुलाला कर्णधार केलं गेलं. तो दुसरा मुलगाही चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. पण ज्याचं कर्णधारपद गेलं त्याने त्या वर्षी सरावाला येणं कमी केलं आणि नंतर सोडून दिलं. त्याच्या आईने मला विचारलं, "सर, तो चांगला खेळत नव्हता का?" मी खरं उत्तर दिलं, की फार चांगला खेळत होता. तिच्या डोळ्यांत पुढचा प्रश्न होता, तो तिने विचारला नाही. आपल्याला मी तो विचारतो. खेळाडूची आणि कर्णधाराची निवड करताना इंग्रजीचा विचार का व्हावा? तो होऊ नये, ही माझी दुसरी विनंती आहे.

आपल्या मातीतल्या खेळांबद्दलही लिहायला हवं. आपण वार्षिक क्रीडामहोत्सवात लेझीम ठेवता, मल्लखांबाची प्रात्यक्षिकं ठेवता, पालकही टाळ्या वाजवतात. पण ते शिकवताना नावं बदलायला सांगितलं जातं. लेझीमचं 'होशियार', 'चार आवाज', 'एक जागा' यांऐवजी नुसते इंग्रजी आकडे मोजायचे. मल्लखांबावरच्या अढीला, दसरंगाला 'होल्ड नंबर वन', 'मूव्ह नंबर टू' म्हणायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवं रूप दिलं, जी तालमींनी आणि व्यायामशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिची नावं ही नुसती लेबलं नाहीत. नाव घेतलं की वस्तादांनी त्या नावाबरोबर दिलेल्या सगळ्या सूचना मुलाला आठवतात, अंगाला क्रम आठवतो. नंबर घेतला की काही आठवत नाही, शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत दहा खंडांत निघाला. शरीरविद्येचं एवढं तपशीलवार लेखन ज्या भाषेत झालं, ती भाषा याच विषयाच्या तासाला चालत नाही, याचं मला वाईट वाटतं.

परक्यांना ही नावं जड जात नाहीत. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तिला निरनिराळ्या देशांचे खेळाडू आले होते. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीची दोन्ही सुवर्णपदकं इराणने नेली. इराणचा चढाईपटूही दम धरताना 'कबड्डी कबड्डी'च म्हणतो, कारण नियमच तसा आहे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे होते. तिथे खेळलेल्या प्रत्येक देशाच्या खेळाडूने बसलेल्या सोबत्याला 'खो'च दिला.

याचा अर्थ मी फुटबॉलमधल्या ऑफसाइडला मराठी शब्द शोधत बसणार आहे असा नाही. क्रिकेटचा स्टंप स्टंपच राहू दे, बास्केटबॉलमधलं ड्रिबल ड्रिबलच राहू दे. मुलांना ते शब्द आधीच येतात. खेळाबरोबर आलेले शब्द खेळाबरोबर राहावेत, मग ते इंग्रजीतून आलेले असोत की लेझीमच्या 'होशियार'सारखे फारसीतून. माझं म्हणणं या शब्दांच्या आजूबाजूच्या बोलण्याबद्दल आहे.

शिक्षकांबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतो. माझा एक मित्र लहानपणापासून तालमीत वाढलेला, खो-खोमध्ये राज्य पातळीवर खेळलेला, बी.पी.एड. झालेला. मुलांच्या चालण्यावरून कुणाचा पाय सपाट आहे ते ओळखतो. एका मोठ्या शाळेत मुलाखतीला गेला. मैदान बघितलं नाही, मुलं बघितली नाहीत, त्याला दहा मिनिटं इंग्रजीत स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. तो अडखळला. त्या जागी शाळेने एका स्पोर्ट्स कंपनीशी करार केला. कंपनीचे प्रशिक्षक छान इंग्रजी बोलतात, टॅबवर आलेला पाठ वाचून दाखवतात आणि दर सहा-आठ महिन्यांनी बदलतात. त्यांच्यातही कष्टाळू तरुण आहेत. पण कुठल्या मुलाला दमा आहे, कुणाचा हात मागच्या वर्षी मोडला होता, कुणाच्या घरी सध्या काय चाललंय, हे त्यांना कळायच्या आत त्यांची बदली होते. ग्रामीण भागातून, तालमीतून, आश्रमशाळेतून आलेले उत्तम क्रीडाशिक्षक केवळ बोलण्याच्या परीक्षेत मागे पडून शाळांबाहेर राहताहेत, कुणी जिममध्ये काम करतंय, कुणी शेती बघतंय. आपण मुलाखत जरूर घ्या, पण मैदानावर घ्या. वीस मुलं आणि एक चेंडू देऊन अर्धा तास शिकवायला सांगा आणि कडेला उभं राहून बघा. ही माझी तिसरी विनंती.

एक आक्षेप मला मान्य आहे. मुंबई, पुणे, नागपूरच्या आपल्या वर्गांत सगळीच मुलं मराठी नसतात. गुजराती, तेलुगू, मल्याळी, बिहारहून आलेली, सगळी असतात, मग एका समान भाषेची गरज नाही का? आहे. पण ती मुलांनी स्वतःच शोधलेली आहे. मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहून ऐका. मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी अशी एक मिसळलेली बोली तिथे चालते आणि खेळताना तिच्यात कुणी अडत नाही. शिक्षकालाही त्या मुलांबरोबर तसंच बोलू द्यावं. ज्या मुलाला इंग्रजीतून लवकर कळतं त्याच्याशी मी इंग्रजीतच बोलेन, त्यात मला कमीपणा नाही.

मी मराठीची सक्तीही मागत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलीला किंवा नंदुरबारच्या पावरा पोराला आमची प्रमाण मराठीही तितकीच परकी असते. तिथे पी.टी.च्या तासाला पुस्तकी मराठीचा हट्ट धरणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि ती मुलंही आमच्या शहरातल्या मुलांसारखीच गप्प होतात. तिथल्या शिक्षकाने कोरकूतली, गोंडीतली शे-दोनशे वाक्यं शिकून घ्यावीत, असं मी त्या शिक्षकांनाही सांगतो. शिकणाऱ्याच्या अंगाला जी भाषा लवकर कळते ती वापरावी, हा न्याय सगळीकडे एकच आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं की शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं, आणि मुलाला भीती, दडपण यांपासून मुक्त ठेवावं असंही त्याच कलमात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, घरची भाषा माध्यम म्हणून सुचवली आहे. आपल्या शाळांचं माध्यम इंग्रजी आहे आणि ते बदला असं मी म्हणत नाही. त्या माध्यमाच्या चौकटीत आठवड्यातल्या दोन-तीन तासिकांची मोकळीक आपल्या अधिकारात आहे. त्यासाठी शासननिर्णयाची वाट बघायला नको.

जूनमध्ये शाळा उघडताना स्टाफ मीटिंग होते. त्या मीटिंगमध्ये आपण चार गोष्टी ठरवू शकता. मैदानाच्या तासाला भाषेची सक्ती आणि तिच्यापायी होणारे शेरे, दंड बंद करणं. इजा आणि दुखणं सांगायला कुठलीही भाषा चालेल, असं मुलांना आणि पालकांना लेखी कळवणं. क्रीडाशिक्षकाच्या निरीक्षणाच्या तक्त्यात त्याच्या इंग्रजीऐवजी किती मुलं किती वेळ हालचाल करत होती, हा रकाना घालणं. आणि ज्या शिक्षकाला इंग्रजी सुधारायची आहे त्याला शाळेच्या खर्चाने, शाळेच्या वेळेत ती शिकायची सोय करून देणं. आमच्यातल्या पुष्कळांना ती शिकायची आहे. शिकायची लाज नाही, मुलांसमोर अडखळत बोलावं लागतं तेव्हा त्यांचं नुकसान होतं, याचा त्रास होतो.

या वर्षभरात आपण स्वतः एकदा मैदानाच्या तासाला यावं, असं निमंत्रणही देतो. आधी कळवू नका. मराठीत चालणारा एक तास आणि इंग्रजीत चालणारा एक तास, दोन्ही पूर्ण बघा, हातात घड्याळ ठेवा आणि कुठल्याही पाच मुलांकडे लक्ष ठेवून ती किती वेळ उभी राहिली नि किती वेळ पळाली ते लिहून घ्या. त्यानंतर आपण जो निर्णय घ्याल त्यावर चर्चेला मी आणि माझे सहकारी शिक्षक केव्हाही तयार आहोत.



आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक